शिरूर नेमके कोणते? सामायिक लायब्ररी शोधण्याची संगणकाची रीत

बीड जिल्ह्यात अकरा तालुके आहेत : बीड, गेवराई, माजलगाव, वडवणी, धारूर, केज, अंबाजोगाई, परळी, पाटोदा, आष्टी आणि शिरूर. ही नावे युनिकोडमध्ये टंकलिखित करून, देवनागरीची जुळणी न जाणणाऱ्या संगणकावर उघडली तर एक गंमत दिसते. थोडा खडबडीतपणा सोडला तर नऊ नावे नीट वाचता येतात. दोन मात्र मोडतात. ‘आष्टी’तील ष आणि ट यांची गाठ पडत नाही; ष पाय मोडून उभा राहतो आणि टी त्याच्यापुढे सुटी पडते. ‘शिरूर’मधील वेलांटी श च्या डावीकडे यायची ती उजवीकडे जाते आणि पुढच्या र ला लगडते.

याचे कारण युनिकोडच्या रचनेत आहे. युनिकोड मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठवते. हाताने लिहिताना आपण ऱ्हस्व वेलांटी आधी काढतो, पण उच्चारात आधी श आणि मग इ येते. म्हणून फाईलमध्येही आधी श आणि नंतर वेलांटी असते. जोडाक्षर तर फाईलमध्ये नसतेच. तेथे ष, हलन्त आणि ट अशी तीन स्वतंत्र चिन्हे असतात. पडद्यावर उमटवण्यापूर्वी वेलांटी मागे नेणे, जोडाक्षर बांधणे, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवणे, ही कामे कोणीतरी करावी लागतात. एकटा फॉन्ट ती करू शकत नाही. फॉन्टमध्ये आकार आणि नियमांचे तक्ते असतात. ते तक्ते वाचून अक्षरे जुळवणारा कोड वेगळा असतो. विंडोजमध्ये हे काम दीर्घकाळ युनिस्क्राइब नावाच्या लायब्ररीने केले. तिच्या फाईलचे नाव यूएसपी१०.डीएलएल. लिनक्सवर आज ते हार्फबझ ही लायब्ररी करते. हे नाव ‘ओपनटाइप’चे फारसी रूप आहे. हर्फ म्हणजे अक्षर. ‘त्याने एक हरफही काढला नाही’ असे म्हणताना आपण वापरतो तोच हा शब्द.

पत्र लिहिण्याचा प्रोग्राम, हिशेबाचा तक्ता, ब्राउझर यांपैकी प्रत्येकाने ही जुळणी स्वतः शिकावी, अशी अपेक्षा करणे व्यवहार्य नाही. ते सारे एका लायब्ररीकडे बोट दाखवतात. पण बोट दाखवणे वेगळे आणि ती लायब्ररी प्रत्यक्ष सापडणे वेगळे.

ग्रंथालय नव्हे, वाचनालयातला फळा

लायब्ररी या शब्दाचे मराठीकरण ‘ग्रंथालय’ असे केले की संगणकाच्या संदर्भात थोडा घोटाळा होतो. ग्रंथालयातले पुस्तक एकाने घरी नेले की दुसऱ्याला थांबावे लागते. सामायिक लायब्ररीचे तसे नाही. गावोगावच्या वाचनालयांत दैनिके तिरक्या फळ्यावर अडकवलेली असतात आणि एकाच अंकापुढे चार-पाच जण उभे राहून वाचतात, ती उपमा अधिक जवळची.

लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्रामांना लागणाऱ्या तयार कोडचा संच. तो प्रोग्रामला दोन प्रकारे जोडता येतो. पहिल्या प्रकारात प्रोग्राम तयार होतानाच त्या संचातील लागेल तेवढा भाग उतरवून प्रोग्रामच्या फाईलमध्ये कायमचा चिकटवतात. ही स्थिर जोडणी. दुसऱ्या प्रकारात प्रोग्राममध्ये लायब्ररीचे फक्त नाव लिहिलेले असते आणि प्रोग्राम सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टीम ती शोधून आणते. ही गतिमान जोडणी. तिची कल्पना १९६०च्या दशकातील मल्टिक्स या प्रणालीपर्यंत मागे जाते. विंडोजने ती डीएलएल या नावाने घरोघर नेली.

गतिमान जोडणीत जागा वाचते हे उघड आहे. पण खरी काटकसर मेमरीत होते. लायब्ररीची फाईल मेमरीत सहसा चार किलोबाइटच्या पानांनी मांडली जाते आणि जे पान खरोखर लागते तेवढेच डिस्कवरून वाचले जाते. कोडची पाने कोणी बदलत नसल्यामुळे दहा प्रोग्राम चालू असले तरी मेमरीत त्या पानांची प्रत एकच राहते. बदलणाऱ्या माहितीची पाने मात्र प्रत्येकाला स्वतंत्र मिळतात, तीही तो प्रोग्राम त्यांत काही लिहू लागेल तेव्हाच.

दुसरा लाभ दुरुस्तीचा. एप्रिल २०१४मध्ये ओपनएसएसएल या सुरक्षाविषयक लायब्ररीत ‘हार्टब्लीड’ नावाची गंभीर त्रुटी उघड झाली. ज्या यंत्रांवर ती सामायिक रूपात होती तेथे एक फाईल बदलली की तिच्यावर विसंबलेले सारे प्रोग्राम दुरुस्त होऊ शकत होते. येथे एक गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. फाईल बदलली तरी आधीपासून चालू असलेला प्रोग्राम मेमरीतली जुनीच प्रत वापरत राहतो. तो बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय दुरुस्ती लागू होत नाही.

नाव एक, ठिकाणे अनेक

आता मूळ प्रश्नाकडे वळू. प्रोग्रामच्या फाईलमध्ये लायब्ररीचे सहसा नुसते नाव असते, पूर्ण पत्ता नसतो. पत्ता लिहिला तर दुसऱ्या यंत्रावर फोल्डरची रचना वेगळी निघाली की प्रोग्राम अडतो. पण नुसत्या नावाची अडचण कोणती, हे बीडकरांना वेगळे सांगायला नको. पत्रावर केवळ ‘शिरूर’ लिहिले तर ते बीड जिल्ह्यात जाईल, पुणे जिल्ह्यात की लातूरमध्ये? म्हणून आपण शिरूर कासार आणि शिरूर अनंतपाळ असे म्हणतो. आष्टी बीड जिल्ह्यात आहे, तशी वर्धा जिल्ह्यातही आहे. संगणकावर एकाच नावाच्या दोन लायब्ररी दोन फोल्डरांत सुखाने नांदत असतात. शोधणाऱ्याचा नियम सरळ असतो : ठरलेल्या क्रमाने फोल्डर पाहत जायचे आणि त्या नावाची पहिली वापरण्याजोगी फाईल सापडली की ती उचलायची. ती योग्य आहे का, सुरक्षित आहे का, हे तो सहसा विचारत नाही.

लिनक्सची रीत जास्त उघड आणि नियमबद्ध असल्याने ती आधी पाहू. प्रोग्राम सुरू करण्याची आज्ञा मिळाली की कर्नल त्याच्या फाईलचा आरंभीचा भाग वाचतो. तेथे लोडरचे नाव, पूर्ण पत्त्यासह, लिहिलेले असते. लोडर हाही एक छोटा प्रोग्रामच. कर्नल त्याला मेमरीत आणतो आणि सूत्रे त्याच्या हाती देतो. बीडमधून ऊसतोडीला टोळ्या निघतात तेव्हा माणसे गोळा करण्याचे काम मुकादमाचे असते. इथला मुकादम म्हणजे हा लोडर. प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्ररींची यादी तो वाचतो, एकेक शोधून आणतो. आणलेल्या लायब्ररीला आणखी लायब्ररी लागत असतील तर त्यांचीही यादी उघडतो, आणि सारे जमेपर्यंत हे चालते. एकही सापडली नाही तर प्रोग्रामची पहिली ओळदेखील चालत नाही.

शोधाचा क्रम असा. प्रोग्राम बनवणाऱ्याने फाईलमध्येच एखादा मार्ग नोंदवला असेल तर त्याला स्थान मिळते. वापरणाऱ्याने ‘एलडी लायब्ररी पाथ’ या नावाने काही फोल्डर सांगितले असतील तर तेही पाहिले जातात. या दोहोंत आधी कोण, हे मार्ग जुन्या पद्धतीने नोंदवला आहे की नव्या, यावर अवलंबून असते. जुनी नोंद वापरणाऱ्याच्या इच्छेला मागे टाकते. नवी तिला मान देते. त्यानंतर येते एक तयार सूची. प्रत्येक वेळी सारे फोल्डर चाळणे खर्चिक म्हणून कोणती लायब्ररी कोठे आहे याची नोंद आधीच करून ठेवलेली असते आणि ‘एलडीकॉन्फिग’ ही आज्ञा दिली की ती ताजी होते. नवी लायब्ररी फोल्डरात ठेवूनही ‘सापडत नाही’ असा निरोप येतो, तेव्हा पुष्कळदा ही आज्ञा द्यायची राहिलेली असते. सर्वांत शेवटी नेहमीचे दोन-चार फोल्डर.

‘शिरूर’पुढे ‘कासार’ लावण्याची सोयही लिनक्समध्ये आहे. हार्फबझची फाईल केवळ लिबहार्फबझ.एसओ या नावाने मागितली जात नाही. प्रोग्राम मागतो ती लिबहार्फबझ.एसओ.० या नावाने. शेवटचा अंक आवृत्तीचा नसून कराराचा आहे. लायब्ररीत सुधारणा कितीही होवोत, जुन्या प्रोग्रामांना दिलेला शब्द मोडला जात नाही तोवर तो अंक तोच राहतो. शब्द मोडावा लागला तर अंक वाढवतात. मग जुने प्रोग्राम जुन्या अंकाची आणि नवे नव्या अंकाची फाईल मागतात आणि दोन्ही शेजारी शेजारी राहतात. हार्फबझच्या असंख्य आवृत्त्या निघाल्या, तरी तिच्या नावामागचे शून्य शून्यच राहिले आहे. संगणकक्षेत्रातल्या शिस्तीचा हा उत्तम नमुना म्हणावा लागेल.

लायब्ररी सापडल्यावर तिला पत्ता द्यावा लागतो. लिनक्सच्या आरंभीच्या काळात प्रत्येक सामायिक लायब्ररीला मेमरीतली ठरावीक जागा आधीच वाटून द्यावी लागे. १९९०च्या दशकाच्या मध्यास ईएलएफ हा फाईलप्रकार आला आणि लायब्ररी कोठेही बसू लागली. आज ती मुद्दाम दर वेळी वेगळ्या जागी बसवतात, जेणेकरून हल्लेखोराला अंदाज येऊ नये. जागा बदलती असल्यामुळे प्रोग्राम लायब्ररीतल्या कामाला थेट हाक मारत नाही. तो एका तक्त्यात पाहतो आणि त्या तक्त्यात खरे पत्ते भरण्याचे काम लोडर करतो.

यूएसपी१०ची कहाणी

विंडोजमधली रीत सर्वसाधारण वाचकाच्या जास्त परिचयाची आहे, निदान तिचे परिणाम तरी. येथे क्रम असा : त्या नावाची डीएलएल आधीच मेमरीत आहे का, ती विंडोजच्या खास ओळखीच्या यादीत आहे का, नसेल तर प्रोग्रामचा स्वतःचा फोल्डर, मग सिस्टीम३२ आणि विंडोजचे फोल्डर, मग ज्या फोल्डरात आपण काम करत आहोत तो, आणि शेवटी ‘पाथ’मध्ये नोंदवलेले फोल्डर. प्रोग्रामचा स्वतःचा फोल्डर विंडोजच्या फोल्डरांच्या आधी पाहिला जातो, हे येथे लक्षात ठेवायचे.

मराठी संगणनाच्या इतिहासात या क्रमाला एक वेगळेच महत्त्व आले. त्याआधीच्या काळात बहुतेक मराठी मजकूर खास फॉन्टमध्ये असे. जोडाक्षरांचे तुकडे थेट फाईलमध्येच साठवलेले असल्याने जुळणीच्या लायब्ररीची गरज नव्हती. मात्र तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा काला दिसे. मराठी दैनिकांच्या संकेतस्थळांवर ‘आधी फॉन्ट उतरवून घ्या’ अशी सूचना वाचल्याचे अनेकांना स्मरत असेल. २००० साली आलेल्या विंडोज २०००मध्ये मंगल हा फॉन्ट आणि युनिकोड देवनागरीची जुळणी मिळाली. पुढच्या वर्षीच्या विंडोज एक्सपीमध्ये ती होती, पण झाकलेली. प्रादेशिक भाषांच्या खिडकीत जटिल लिपींसमोर खूण करावी लागे आणि मग संगणक एक्सपीची मूळ सीडी मागे. जिल्ह्याच्या, तालुक्याच्या गावी ती सीडी हाताशी असणे ही दुर्मीळच गोष्ट. २००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्टापासून ही खूण करण्याची गरज उरली नाही.

मधल्या काळात जाणकारांनी एक युक्ती काढली. ऑफिस २००३ सोबत यूएसपी१०.डीएलएलची अधिक नवी प्रत येत असे आणि ती ऑफिसच्या स्वतःच्या सामायिक फोल्डरात राही. विंडोजची जुनी प्रत तिच्या जागेवर कायम असे. साहजिकच एकाच संगणकावर एखादे जोडाक्षर एका खिडकीत बरोबर आणि दुसरीत मोडके दिसू शके. सिस्टीम३२मधली प्रत बदलू गेल्यास विंडोजची फाईलरक्षक यंत्रणा मुकाट्याने जुनी प्रत पुन्हा बसवी. मग नवी प्रत उचलून हव्या त्या प्रोग्रामच्या फोल्डरात नेऊन ठेवायची. शोधाचा क्रम तोच फोल्डर आधी पाहत असल्यामुळे जुळणी सुधारे. ना प्रोग्राम बदलला, ना विंडोज. बदलली ती केवळ आधी सापडणारी फाईल.

ही युक्ती देवनागरी आणि बंगालीसारख्या लिपींच्या वापरकर्त्यांत बरीच फिरली. ती उपयोगी होती, पण निर्धोक नव्हती. सप्टेंबर २०१०मध्ये युनिस्क्राइबमध्येच एक त्रुटी असल्याचे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले. खोडसाळपणे रचलेला फॉन्ट उघडला गेल्यास परक्याचा कोड चालू शकत होता. दुरुस्ती विंडोजसाठी निघाली, तशी ऑफिसच्या एक्सपी, २००३ आणि २००७ या आवृत्त्यांसाठीही काढावी लागली, कारण तिथे लायब्ररीची वेगळी प्रत होती. हाताने इतरत्र नेऊन ठेवलेल्या प्रती मात्र कोणत्याच यादीत नव्हत्या. त्या जिथे होत्या तिथे तशाच राहिल्या.

आधी सापडेल ती आपली

याच क्रमाचा गैरफायदाही घेतला जातो. फार पूर्वी काम करत असलेला फोल्डर विंडोजच्या फोल्डरांच्या आधी पाहिला जाई. २००४ सालच्या एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून तो मागे ढकलला गेला, पण यादीतून गेला नाही. प्रोग्रामने मागितलेली एखादी डीएलएल आधीच्या कोणत्याच फोल्डरात नसेल तर पाळी त्याच्यावर येतेच. ऑगस्ट २०१०मध्ये या दोषाचा मोठा गाजावाजा झाला. पेन ड्राइव्हवर किंवा नेटवर्कच्या सामायिक फोल्डरात एक निरुपद्रवी कागदपत्र आणि त्याच्या शेजारी योग्य नावाची बनावट डीएलएल ठेवायची. वापरणारा कागदपत्र उघडतो आणि त्याचा प्रोग्राम शेजारची डीएलएल उचलतो. यूएसपी१० या नावाची बनावट फाईल प्रोग्रामांच्या फोल्डरांत पेरणारे व्हायरसही आढळले. जोडाक्षरांसाठी वापरलेली वाट त्यांनीही वापरली. लिनक्सवर विशेष अधिकारांनी चालणारे प्रोग्राम वापरणाऱ्याने सांगितलेले फोल्डर मुळीच विचारात घेत नाहीत, ते याच कारणासाठी.

उलट प्रकारचा गोंधळ १९९०च्या दशकात झाला. तेव्हा प्रत्येक नवा प्रोग्राम आपल्याबरोबर डीएलएल आणून थेट विंडोजच्या फोल्डरात टाकी. त्यात एखादी जुनी प्रत नव्या प्रतीवर बसली की आजवर सुरळीत चालणारा तिसराच प्रोग्राम बंद पडे. जाणकार याला ‘डीएलएल नरक’ म्हणत. एक्सपीपासून एकाच लायब्ररीच्या अनेक आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवण्याची सोय झाली. तिची किंमत डिस्कवरील जागेत मोजावी लागते. विंडोजच्या फोल्डरातील ‘विनएसएक्सएस’ हा उपफोल्डर एवढा फुगलेला का, याचे उत्तर बऱ्याच अंशी तेथेच आहे.

लायब्ररी योग्य जागी, योग्य नावाने सापडली तरीही सारे निभावते असे नाही. मार्च २०२४मध्ये एक्सझेड या फाईल लहान करणाऱ्या साधनाच्या लायब्ररीत, ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत, जाणूनबुजून पेरलेला चोरदरवाजा सापडला. त्याचे लक्ष्य होते दूरच्या संगणकात प्रवेश देणारा एसएसएच हा सेवा-प्रोग्राम. गंमत अशी की एसएसएचला या लायब्ररीची गरजच नव्हती. काही लिनक्स वितरणांनी त्याला सिस्टीमडीची लायब्ररी जोडली होती, आणि तिला एक्सझेड लागत होती. मुकादमाने यादीतल्या माणसाला बोलावले, त्याने सोबत आणखी एकाला आणले. हा आलेला आगंतुक लोडर पत्त्यांचा तक्ता भरत असतानाच आपला डाव साधत होता. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, या कुतूहलापोटी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने शोध घेतला आणि २९ मार्च रोजी ही गोष्ट जाहीर केली. तोवर त्या आवृत्त्या मुख्यतः चाचणीच्या वितरणांपर्यंतच पोहोचल्या होत्या.

दऱ्या आणि दर्या

अशा अनुभवांमुळे आणि आवृत्त्यांच्या कटकटीमुळे अलीकडे अनेक प्रोग्राम आपल्या लायब्ररी स्वतःबरोबरच बाळगतात. फायरफॉक्स आणि क्रोम हे ब्राउझर हार्फबझ आपल्या पोटातच घेऊन येतात. लिब्रेऑफिसनेही २०१७च्या ५.३ आवृत्तीपासून सर्व ऑपरेटिंग सिस्टीमवर जुळणीचे काम हार्फबझकडे सोपवले. मॅकओएसने २०२० साली वेगळीच वाट धरली. तेथे व्यवस्थेच्या लायब्ररी स्वतंत्र फाईली म्हणून डिस्कवर दिसतच नाहीत. त्या एका एकत्रित साठ्यात असतात. पोटात लायब्ररी बाळगण्याने शोध टळतो. पण त्रुटी निघाली की प्रत्येक प्रोग्रामची दुरुस्ती वेगळी, हे दुखणे परत येते.

मराठीपुरते बोलायचे तर आपल्या संगणकावर जुळणी कोण करते आहे हे पाहण्यासाठी एक जुनी जोडी उत्तम चाचणी ठरते. बालाघाटातल्या ‘दऱ्या’ आणि समुद्र या अर्थी ‘दर्या’. पहिल्या शब्दात आडवा अर्धा र, दुसऱ्यात रफार. हा आडवा र हिंदीला लागत नाही. म्हणून हिंदीपुरता विचार करून बनवलेल्या फॉन्टमध्ये किंवा जुन्या लायब्ररीत तो हमखास बिघडे. ‘सातबाऱ्यावर’ हा रोजचा शब्द त्यावाचून लिहिता येत नाही. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले लोहित फॉन्ट रेड हॅटने २००४ साली मुक्त परवान्याने खुले केले. त्यामुळे लिनक्सवर देवनागरीसाठी मुक्त फॉन्टची सोय झाली. पण त्यातले तक्ते वाचणारी लायब्ररी जुनी असेल तर फॉन्टचा इलाज चालत नाही.

एका खिडकीत ‘दऱ्या’ बरोबर आणि दुसरीत चूक दिसत असेल, तर दोन्ही ठिकाणी कोणती लायब्ररी आणि कोणता फॉन्ट आहे, ते पाहावे. विंडोजवर मायक्रोसॉफ्टचा प्रोसेस एक्सप्लोरर हा विनामूल्य प्रोग्राम चालू प्रोग्रामने उचललेल्या प्रत्येक डीएलएलचे नाव आणि पूर्ण पत्ता दाखवतो. लिनक्सवर ‘एलडीडी’ ही आज्ञा प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्ररी कोठून मिळतील त्याची यादी देते. मात्र अनोळखी प्रोग्रामवर ती चालवू नये, कारण यादी काढताना काही वेळा तो प्रोग्रामच चालून जाऊ शकतो. आणि ‘अमुक डीएलएल सापडत नाही’ असा निरोप आला तर त्या नावाची फाईल महाजालावर शोधून, कोठल्या तरी संकेतस्थळावरून उतरवून फोल्डरात टाकू नये. ज्या प्रोग्रामने ती मागितली तो पुन्हा बसवावा, किंवा ती ज्या संचाचा भाग आहे तो संच मूळ निर्मात्याकडून घ्यावा. पुष्कळदा तो मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल सी++चा संच असतो, आणि तो विनामूल्य मिळतो.